फ्रीज गार होत नाहीये? मेकॅनिकला फोन करण्याआधी घरीच काय तपासाल

मे महिन्यात अकोल्यात पारा ४४ च्या पुढे गेला की स्वयंपाकघरात सगळ्यात आधी दूध बोलतं. सकाळी तापवून, निववून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध संध्याकाळी चहात घातलं आणि फाटलं. दुसऱ्या दिवशी डोशाचं पीठ फ्रीजमध्ये असूनही फसफसून डब्याबाहेर आलं. वर फ्रीझरमध्ये मात्र बर्फ टणक होता. मेकॅनिक आला, खालच्या कप्प्यात हात घातला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "ताई, गॅस संपलाय." गॅस भरला, पैसे दिले, फ्रीज छान गार झाला. बरोबर पंधरा दिवसांनी दूध पुन्हा नासलं.

मग आमच्या गल्लीतले एक जुने, वयस्कर कारागीर आले. त्यांनी फ्रीझरमधलं मागचं प्लास्टिकचं कव्हर काढून मला जवळ बोलावलं. आतली कॉइल, म्हणजे थंडी देणाऱ्या नळ्यांचं वेटोळं, दिसतच नव्हती, पांढऱ्याशुभ्र बर्फाची लादी होती नुसती. पंख्याची पाती त्या बर्फात रुतून बसलेली. "गॅस भरपूर आहे ताई," ते म्हणाले, "हवाच खाली जाऊन नाही राहिली." बर्फ वितळवणारा हीटर जळाला होता. मग गॅस भरल्यावर पंधरा दिवस फ्रीज नीट का चालला? कारण त्या कामासाठी फ्रीज सहा-सात तास बंद होता, दार उघडं होतं आणि तेवढ्यात आतला बर्फ आपोआप वितळला होता. मी पैसे दिले ते बर्फ वितळण्याचे.

तेव्हापासून फ्रीज बिघडला की मी ठरलेल्या क्रमाने तपासते. यातलं बहुतेक काम हाताने आणि कानाने होतं, स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही.

आधी मोजा

"गार वाटत नाही" यावर काही ठरवू नका. बाहेर ४४ अंश असताना १२ अंशांचं पाणीही गारच वाटतं, दूध मात्र त्यात टिकत नाही. पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी दार उघडल्या उघडल्या आकडा वाचा. नुसत्या हवेत ठेवलेला थर्मामीटर दार उघडताच चढतो, म्हणून पाणी. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर चालेल, माशांच्या टाकीचा साधा थर्मामीटरही ० अंशापासून दाखवत असेल तर चालेल. ताप मोजायचा मात्र इथे कामाचा नाही, इतकं कमी तापमान तो दाखवतच नाही.

२ ते ५ अंश आलं तर फ्रीज ठीक आहे. मग दूध नासण्याचं कारण दुसरीकडे शोधा, दूध दारात ठेवता का ते बघा. दारातले कप्पे सगळ्यात कोमट असतात. ६ ते ८ आलं तर बहुधा खाली सांगितलेल्या साध्या गोष्टींपैकी एक चुकतेय. १० च्या वर असेल तर दूध, शिजवलेला भात, मासे-मटण लगेच दुसरीकडे हलवा आणि मग शोधाला लागा. फ्रॉस्ट फ्री फ्रीजच्या (तो कसा ओळखायचा ते पुढे येतंच) फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर तेवढा खाली जात नसेल तर आइस्क्रीम बघा. चमचा सहज रुतला तर फ्रीझर कमी पडतोय.

तुमचा फ्रीज कोणत्या जातीचा

हे कळल्याशिवाय पुढचं काही लागू पडत नाही. एका दाराचा, आत वरच्या बाजूला बर्फाचा खण आणि त्या खणाच्या भिंतींवर बर्फाचा थर साचतो, तो डायरेक्ट कूल. त्यात पंखा नसतो. थंड हवा जड असते, ती वरून खाली उतरते, एवढ्यावरच तो चालतो. दोन दारांचे बहुतेक फ्रीज फ्रॉस्ट फ्री असतात. त्यांची कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलमागे लपलेली असते. पंखा तिची थंडी फ्रीझरमध्ये फिरवतो आणि त्यातलीच थोडी हवा एका झडपेतून खालच्या कप्प्यात सोडतो. खाली वेगळी थंडी तयार होतच नाही. म्हणून वर बर्फ टणक आणि खाली दूध नासलेलं, असं दिसलं की गॅसच्या आधी हवेच्या वाटेचा संशय घ्या.

वर-खाली दोन्हीकडे कोमट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कॉम्प्रेसर (मागे खाली बसवलेला, गॅस फिरवणारा पंप), वीज, बाहेर न जाणारी उष्णता किंवा खरोखर गेलेला गॅस, यांपैकी काहीतरी असतं.

दार आणि रबर

सगळ्यात स्वस्त बिघाड इथे असतो. कागदाचा एक कपटा दारात अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून दार लावा आणि हळूच ओढा. थोडा अडून निघाला तर रबर धरतंय. आपसूक सुटला तर तिथून गरम हवा आत जातेय. चारही बाजूंना दर वीतभर अंतरावर हे करा, बिजागरीची बाजू विसरू नका. एकाच जागी ढिलं असेल तर आधी तो भाग कोमट साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा. रबराच्या घडीत लोणच्याचं तेल, दुधाचे ओघळ आणि पावसाळ्यात काळी बुरशी बसते आणि रबर चिकटत नाही. दबलेलं रबर हेअर ड्रायरच्या सौम्य गरम हवेने मऊ करून बोटांनी जागेवर आणता येतं. फाटलं असेल तर मॉडेल नंबर सांगून नवं मागवा.

फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच हवेत. दार अर्धं उघडून सोडलं तर ते स्वतःहून बंद व्हायला हवं, पुढे येऊन आणखी उघडता कामा नये. पाय फिरवून उंची कमी-जास्त होते.

आणि एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही: दार लावल्यावर आतला दिवा विझतो का? मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवा, दार लावा, दहा सेकंदांनी काढून बघा. बटण अडकून दिवा चालूच राहत असेल, आणि तो जुना पिवळा बल्ब असेल, तर तुम्ही फ्रीजमध्ये चोवीस तास शेगडी पेटवून ठेवलीय.

उष्णता बाहेर जातेय का

फ्रीज थंडी बनवत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकायला जागा नसेल तर कॉम्प्रेसर कितीही चालला तरी आत गार होणार नाही. जुन्या फ्रीजला मागे काळी जाळी असते. तिच्यावरची धूळ, कोळ्यांची जाळी, स्वयंपाकघरातली तेलकट काजळी वर्षातून दोनदा तरी काढायला हवी. पिन काढा आणि मऊ ब्रशने वरून खाली झाडा.

नव्या फ्रीजना मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. म्हणून कॉम्प्रेसर चालू असताना दोन्ही बाजू चांगल्याच गरम लागतात. अनेकांना हाच बिघाड वाटतो. तो बिघाड नाही, फ्रीज काम करत असल्याची ती खूण आहे. बिघाड आपण करतो, फ्रीजवर खिसेवालं कव्हर घालून. ते खिसे नेमके त्या गरम बाजूंवर लोंबतात, त्यात बिलं, औषधं, पिशव्या कोंबलेल्या असतात. माझ्या फ्रीजवरही भरतकाम केलेलं कव्हर होतं, आईने दिलेलं. आता ते फक्त माथ्यावर घडी करून असतं, बाजू मोकळ्या आहेत.

भिंतीपासून दोन्ही बाजूंना आणि मागे वीतभर नाही तर निदान चार बोटं जागा सोडा. गॅसच्या शेगडीला खेटून किंवा पश्चिमेच्या उन्हात फ्रीज नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी आणखी एक बघावं. फ्रीजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. इंग्रजी 'टी' म्हणजे ट्रॉपिकल, तो ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. 'एसटी' ३८ पर्यंत आणि नुसता 'एन' ३२ पर्यंत. हा आकडा फ्रीज ठेवलेल्या खोलीच्या तापमानाचा आहे. नागपूर-चंद्रपूरला पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात 'एन' वर्गाचा फ्रीज हरणारच. तिथे दुरुस्तीपेक्षा फ्रीज घरातल्या गार खोलीत हलवणं जास्त कामी येतं.

आतली हवा आणि तो आकड्यांचा नॉब

काचेच्या कप्प्यांवर आपण प्लास्टिकच्या मॅट किंवा वर्तमानपत्र अंथरतो. कप्प्याच्या मागे आणि पुढे जी फट असते ती त्याने बुजते, आणि थंड हवा वरच्या कप्प्यावरच अडकते. मॅट कापून लहान करा, मागची चार बोटं जागा उघडी ठेवा. फ्रॉस्ट फ्रीमध्ये मागच्या भिंतीवर हवेच्या खिडक्या असतात, त्यांच्यासमोर पातेलं किंवा पालेभाजीची गच्च पिशवी नको. खिडकीसमोरची कोथिंबीर गोठून काळी पडते आणि खालचं दूध कोमट राहतं, दोन्ही एकाच चुकीने.

पातेली झाकून ठेवा, आमटीची वाफ शेवटी कॉइलवर बर्फ होऊन बसते. गरम दूध आधी थाळीतल्या गार पाण्यात निववा, पण तासन्‌तास बाहेरही ठेवू नका.

नॉबवरचे १ ते ७ हे अंश नाहीत. साधारणपणे आकडा मोठा तितकी थंडी जास्त. "उन्हाळ्यात १ वर ठेवला, कमी अंश म्हणून" असं सांगणारे मला बरेच भेटलेत. मधल्या आकड्यावर ठेवा, बदल केलात तर चोवीस तास थांबून पुन्हा पेल्यातलं पाणी मोजा. दोन दारांच्या काही फ्रीजमध्ये दोन नॉब असतात. त्यातला एक फक्त हवा वर किती आणि खाली किती, एवढंच वाटून देतो. फ्रीझरचा नॉब सगळ्यात कडक केला की खालची हवा तुटते. वर बर्फ छान आणि खाली कोमट असेल तर हा नॉब आधी मधोमध आणा.

बर्फ, म्हणजे खरी झुंज

डायरेक्ट कूलमध्ये खणाच्या भिंतीवर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड थर साचला की तो गोधडीसारखा काम करतो, थंडी आतच कोंडून ठेवतो. नॉबच्या मधलं बटण दाबा, बर्फ वितळल्यावर फ्रीज आपोआप पुन्हा सुरू होतो. थर फारच जाड असेल तर पिन काढून दार उघडं ठेवा, खणात दुमडलेल्या फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि वाट बघा.

वाट बघा हे मी मुद्दाम सांगतेय. सुरी, उलथणं, पेचकस यांपैकी काहीही लावू नका. त्या खणाच्या पत्र्यातच गॅसच्या बारीक वाहिन्या असतात. एक टोचा, बारीकसा फुस्स आवाज, आणि चांगला चाललेला फ्रीज गेला. शिवाय आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. चुकून भोक पडलंच तर शेगडी विझवा, खिडक्या उघडा, आणि जवळचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका, फ्रीजची पिनही ओढू नका. ठिणगी तिथेच पडते. मीटरजवळचा मेन स्विच स्वयंपाकघराच्या बाहेर असेल तर तो बंद करा.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ दिसत नाही, ऐकू येतो. फ्रीझरचं दार उघडा. बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो, म्हणून चौकटीवरचं दाराचं बटण बोटाने दाबून ठेवा. हलका भुर्र आवाज आणि हवेची झुळूक आली पाहिजे. खर्र-खर्र घासल्यासारखा आवाज आला तर पाती बर्फाला लागतायत. काहीच आवाज नसेल तर पंखा रुतलाय किंवा जळालाय. फक्त अर्ध्या तासाने एकदा पुन्हा ऐका, कारण बर्फ वितळवण्याच्या फेरीत पंखा मुद्दाम बंद असतो.

आता घरच्या घरी करता येण्यासारखी सगळ्यात उपयोगी चाचणी. रात्री फ्रीज रिकामा करा, दूध-दही शेजारी द्या किंवा बर्फाच्या डब्यात ठेवा. पिन काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा, मागच्या ट्रेमधून पाणी सांडेल तिथेही फडकं ठेवा. समोर जरा लांब टेबल फॅन लावलात तर काम लवकर होतं. बारा तास तरी द्या, चोवीस दिलेत तर उत्तम. मग सुरू करा आणि तारीख लिहून ठेवा.

फ्रीज पूर्ववत झाला आणि तसाच राहिला, तर कुणीतरी दार रात्रभर उघडं टाकलं होतं एवढंच. आठ-पंधरा दिवस नीट चालून पुन्हा खाली कोमट झाला, तर बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडलीय: हीटर, त्याचा सेन्सर किंवा फ्यूज, नाहीतर टायमर किंवा बोर्ड. हे मेकॅनिकचं काम, पण आता तुम्हीच त्याला सांगू शकता की कुठे बघायचं. आणि सुरू केल्यावर वर बर्फ होतोय पण पंख्याचा आवाजच नाही, तर पंख्याची मोटर.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर ते याच बर्फाचं पाणी आहे, निचऱ्याचं भोक बुजलेलं असतं. मऊ प्लास्टिकच्या नळीने किंवा सिरिंजने कोमट पाणी सोडून मोकळं करा. हे पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. तो ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासाच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

टक… घर्र… टक

फ्रीजमागून दर काही मिनिटांनी 'टक', मग क्षणभर 'घर्र', पुन्हा 'टक' असा आवाज येत असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायची धडपड करतोय आणि त्याचं संरक्षक बटण त्याला तोडतंय. असं असेल तर पिन काढून ठेवा, चालू ठेवून कॉम्प्रेसर जाळू नका. आधी व्होल्टेज बघा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी वस्तीतले कूलर-एसी एकदम सुरू झाले की २३० चं व्होल्टेज खूप खाली येतं. स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर तो बघा, नाहीतर वायरमनकडून मोजून घ्या. 'स्टॅबिलायझरशिवाय चालतो' असं फ्रीजवर लिहिलेलं असतं तेव्हा शेजारी एक पल्लाही लिहिलेला असतो. तुमचं व्होल्टेज त्याच्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर घ्यावाच लागेल. एक्स्टेंशन बोर्डावर फ्रीज नको, थेट भिंतीतल्या सॉकेटवरच. व्होल्टेज ठीक असून टकटक चालू असेल तर रिले (कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देणारा भाग) किंवा संरक्षक गेला असेल, तो छोटा आणि तुलनेने स्वस्त भाग आहे. कॉम्प्रेसर बदलायला होकार देण्याआधी तो बदलून बघायला सांगा.

लाइट गेली-आली किंवा तुम्ही पिन काढली तर पाच मिनिटं थांबून मगच परत लावा. आतला दाब समान होईपर्यंत कॉम्प्रेसरला जोर पडतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या कॉम्प्रेसरचा, फ्रीज सतत मंद गुणगुणत असतो, त्याची चिंता नको. फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र कुलिंगचा विचार सोडा, पिन काढा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या.

गॅस खरंच गेलाय का

गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि गळती नसेल तर वर्षानुवर्षं पुरतो. गळती असेल तर खुणा अशा: कॉम्प्रेसर थांबतच नाही, तरी बाजूचे पत्रे किंवा मागची जाळी गरम होत नाही. वर-खाली दोन्हीकडे कोमट. डायरेक्ट कूलच्या खणात बर्फ एकाच कोपऱ्यात धरतो, बाकी भिंत कोरडी. मात्र कॉम्प्रेसर आतून दमला असेल तरी बाजू गरम होत नाहीत, म्हणून हा निर्णय मेकॅनिकनेच मोजून द्यावा.

तो "गॅस" म्हणाला तर त्याला शांतपणे विचारा: गळती कुठे सापडली? ती कशी बंद करणार? नळी उघडल्यावर फिल्टर नवा घालणार का? भरण्याआधी नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावणार का? गॅस काट्यावर तोलून भरणार का? आर-६००ए घरगुती फ्रीजमध्ये अगदी थोडा, ग्रॅममध्ये मोजण्याइतकाच लागतो, नेमका आकडा त्या मागच्या पट्टीवर छापलेला असतो, अंदाजाने भरून चालत नाही. गळती न शोधता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात तोच खर्च पुन्हा उभा राहतो. आणि फ्रॉस्ट फ्री असेल तर गॅसचं नाव निघण्याआधी फ्रीझरमागचं कव्हर त्याने तुमच्यासमोर उघडलंच पाहिजे.

मेकॅनिक येईपर्यंत दार उघडू नका. बंद फ्रीजमधलं अन्न साधारण चार तास ठीक राहतं. त्यापुढे भात, वरण, दूध, मासे यांचा वास घेऊन पारख करू नका, बिघडलेल्या अन्नाला दर वेळी वास येतोच असं नाही. तूप, लोणचं, अख्खी फळं यांना धोका नाही.

दुरुस्ती झाल्यावर फ्रीज किमान एक रात्र रिकामा चालवा. मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी, त्यात थर्मामीटर. सकाळी आकडा ५ च्या आत असेल तर त्या दिवशीचं दूध आत ठेवा, आणि पंधराव्या दिवशी तोच पेला पुन्हा एकदा ठेवून बघा.